उणे सहा म्हणजे जिवाणू मेला का?

मागे एक विद्यार्थिनी मोठ्या उत्साहाने एक रंगीत चित्र घेऊन माझ्याकडे आली. निळ्या-हिरव्या फितींच्या गुंडाळ्यांसारखे दिसणारे प्रथिन, त्याच्या मधल्या खोबणीत पिवळ्या रंगातला कार्व्हाक्रॉलचा इवलासा रेणू, त्या रेणूपासून दोन अमिनो आम्लांकडे गेलेल्या तुटक रेषा आणि खाली आकडा : उणे ६.२ किलोकॅलरी प्रति मोल. प्रथिन होते डीएनए गायरेज, म्हणजे जिवाणूच्या डीएनएचा पीळ सांभाळणारे विकर (एन्झाइम). "ओरेगॅनोच्या तेलातला हा घटक गायरेज बंद पाडतो, सर," ती म्हणाली. मी विचारले, "तिथे बसायलाच नको असा एखादा रेणू घालून पाहिलास का?" तिने पाहिला नव्हता. यात तिचा दोष नव्हता. तिने वाचलेल्या निबंधांत तो कोणी घातलेला नव्हता, आणि तो घालून पाहावा हे तिला शिकवायला आम्ही शिक्षक कमी पडलो होतो.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. सुगंधी तेलांच्या, म्हणजे इसेन्शियल ऑइल्सच्या, जिवाणूनाशक गुणांचा अभ्यास संगणकाने करावा का, असा प्रश्न आता उरलेला नाही. तो करावाच लागेल, आणि का ते पुढे सांगतो. प्रश्न आहे तो संगणकाला आपण कोणत्या कामाला लावतो याचा. आज बहुतेक ठिकाणी त्याला साक्षीदार म्हणून उभे केले जाते. तेल जिवाणू मारते हे आधीच ठाऊक असते आणि संगणकाने त्यावर मान डोलावायची असते. माझे म्हणणे असे की संगणकाला भाकीत करायला लावावे, तेही खोटे पडू शकेल असे, आणि प्रयोग त्यानंतर करावा. हा क्रम उलटा झाला आहे, आणि त्याची किंमत केवळ संशोधकांना नव्हे, सगळ्यांनाच मोजावी लागणार आहे.

कारण विषय किरकोळ नाही. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२.७ लाख माणसे थेट दगावली आणि सुमारे ४९.५ लाख मृत्यूंशी अशा संसर्गाचा काही ना काही संबंध होता, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नवी प्रतिजैविके फार थोडी येत आहेत. अशा वेळी वनस्पतींकडे पाहणे अगदी रास्त आहे. सुगंधी तेलांत जिवाणू मारण्याची ताकद आहे, यात शंका घेण्यासारखे काही नाही. लिस्टरीनसारख्या तोंड धुण्याच्या द्रवात थायमॉल, युकॅलिप्टॉल, मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट हे चार घटक अजूनही असतात, आणि ते उत्पादन एकोणिसाव्या शतकातले आहे. टी ट्रीचे तेल, लवंगेतला युजेनॉल, दालचिनीतला सिनमाल्डिहाइड, गवती चहातला सिट्राल या सगळ्यांचा परिणाम काचेच्या बशीत कोणालाही दाखवता येतो.

फक्त तो किती मात्रेला दिसतो, हे पाहावे लागते. जिवाणूची वाढ थांबवायला लागणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणाला किमान प्रतिबंधक संहती म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे 'एमआयसी' म्हणूनच बोलतात. कार्व्हाक्रॉलसाठी हा आकडा सहसा मिलिलिटरमागे काहीशे मायक्रोग्रॅम असतो. टी ट्रीच्या संपूर्ण तेलासाठी तो त्याहूनही वर, हजारांत जातो. उलट सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक ई. कोलायच्या प्रमाणित वाणाला मिलिलिटरमागे ०.०२ मायक्रोग्रॅमच्याही खाली थोपवते. म्हणजे दोघांत दहा हजार पटींच्या आसपास फरक आहे. हे अंतर लक्षात ठेवा, कारण त्या विद्यार्थिनीने आणले तशा, डॉकिंग नावाच्या तंत्राने काढलेल्या, चित्रात ते दिसत नाही.

डॉकिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. प्रथिनाची त्रिमितीय रचना घ्यायची, तिच्या खोबणीत लहान रेणू हजारो प्रकारे फिरवून बसवून पाहायचा आणि प्रत्येक बैठकीला गुण द्यायचे. गुण जितके उणे, तितकी पकड घट्ट. हे तंत्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आले. आज ऑटोडॉक व्हिनासारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत उत्तर देते. प्रथिनांच्या रचनांची जागतिक बँक १९७१ मध्ये सात रचनांनिशी सुरू झाली होती. आज तिच्यात दोन लाखांहून जास्त रचना आहेत. त्यापलीकडे अल्फाफोल्डने भाकीत केलेल्या वीस कोटींहून अधिक रचना कोणालाही उतरवून घेता येतात. ही फार मोठी देणगी आहे. पण देणगी सोपी झाली की तिच्यामागचे गृहीतक विसरले जाते.

उणे ६.२ हा आकडा शब्दशः खरा मानला, तर सुमारे ३० मायक्रोमोलरला, म्हणजे मिलिलिटरमागे चार-पाच मायक्रोग्रॅमला, निम्मी गायरेज कार्व्हाक्रॉलने अडवलेली असायला हवी. प्रत्यक्षात जिवाणूला थांबवायला त्याच्या कित्येक पट कार्व्हाक्रॉल ओतावे लागते. दुसरीकडे या प्रकारच्या गुणांकनाची सर्वसाधारण चूकच दोन ते तीन किलोकॅलरींची असते. खोलीच्या तापमानाला १.४ किलोकॅलरी म्हणजे पकडीत दहा पटींचा फरक. तेव्हा दोन-तीन किलोकॅलरींची चूक म्हणजे तीस ते दीडशे पटींची चूक झाली. अशा फूटपट्टीने उणे ६.२ आणि उणे ६.८ मधला फरक मोजायचा आणि 'दुसरा घटक अधिक प्रभावी' असे लिहायचे, हे मी वारंवार वाचतो. शेजारी तुलनेसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन घातलेले असते, त्याचे गुण एखाद-दोन किलोकॅलरींनी आणखी उणे येतात, आणि मग 'प्रमाणित औषधाशी तुल्य' हे वाक्य येते. वर सांगितलेले दहा हजार पटींचे अंतर त्या वाक्यात कुठे गेले?

या तुलनेत आणखी एक गोम आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन मोकळ्या गायरेजच्या खोबणीत जाऊन बसत नाही. गायरेजने डीएनए कापून धरलेला असताना त्या कापाच्या जागी ते शिरते, मॅग्नेशियम आयन आणि पाण्याच्या रेणूंच्या मदतीने स्थिरावते आणि विकराला कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवते. डीएनए नसलेल्या प्रथिनात, कधी तर विकराच्या दुसऱ्याच तुकड्यात, ते डॉक करून मिळालेला आकडा कशाचाच निदर्शक नसतो. जे औषध तुलनेचा मापदंड म्हणून घेतले तेच चुकीच्या जागी बसवले, तर त्याच्याशी केलेल्या तुलनेला अर्थ काय उरला?

रेणूच्या आकाराचीही गोष्ट आहे. अशा गुणांकनात मोठ्या रेणूला सहसा जास्त गुण मिळतात, कारण स्पर्शाच्या जागा जास्त. कार्व्हाक्रॉलमध्ये हायड्रोजन सोडून अकराच अणू आहेत. म्हणून तेलाच्या घटकांची यादी डॉकिंगला दिली की पंधरा कार्बनचे सेस्क्विटर्पीन वर चढतात आणि दहा कार्बनचे घटक खाली राहतात, मग प्रथिन कोणतेही असो. असा निकाल प्रथिनाबद्दल फारसे काही सांगत नाही. शिवाय लिनालूल, लिमोनीन, कार्व्होन यांची डावी-उजवी रूपे असतात. वनस्पतीत कोणते आहे हे न तपासता डेटाबेसमधले हाती लागेल ते उचलले जाते. सिनमाल्डिहाइड आणि सिट्राल तर प्रथिनांशी रासायनिक बंधच करतात, आणि साध्या डॉकिंगमध्ये रासायनिक बंध होणे मुळात शक्यच धरलेले नसते.

पण माझा खरा आक्षेप यातल्या कशावरही नाही. समजा, उद्या डॉकिंगची चूक शून्यावर आली. तरीही सुगंधी तेलांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा चुकीचाच प्रश्न विचारत असेल.

ही तेले जिवाणूवर मुख्यतः कुठे घाव घालतात, हे आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. ती पाण्यात विरघळायला नाखूश असतात आणि स्निग्ध थरात शिरायला उत्सुक. कार्व्हाक्रॉल पाण्यापेक्षा स्निग्ध द्रवात हजारो पटींनी जास्त विरघळते. त्यामुळे ते जिवाणूजवळ आले की पेशीपटलात साचते. तिथे लिपिडांच्या, म्हणजे पटलातल्या स्निग्ध रेणूंच्या, रांगा विस्कटतात, आयन गळू लागतात, आत-बाहेरचा प्रोटॉनांचा फरक ढासळतो आणि पेशीचा ऊर्जेचा साठा संपत जातो. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी बॅसिलस सीरियसवर केलेला एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. कार्व्हाक्रॉल आणि सायमीन हे जवळजवळ जुळे रेणू. फरक एका हायड्रॉक्सिल गटाचा. दोन्ही पटलात शिरतात. सायमीन तर पटल चांगलेच फुगवते. पण जिवाणूला मारते ते कार्व्हाक्रॉल. तो हायड्रॉक्सिल गटावरचा प्रोटॉन घेऊन पटलापलीकडे पोचतो, तिथे तो सोडतो, आणि परत येताना दुसरा आयन घेऊन येतो, अशी त्या संशोधकांची मांडणी होती. म्हणजे रेणू हमालासारखा ये-जा करत राहतो आणि पेशीने कष्टाने उभा केलेला दाब उतरवून टाकतो.

या कथेत प्रथिन नाही, खोबण नाही आणि कुलूप-किल्ली नाही. मग डॉकिंग कशाचे करायचे? गायरेज, डायहायड्रोफोलेट रिडक्टेज, एमआरएसएचे पीबीपी२ए, एफटीएसझेड, लासआर अशी जिवाणूंतल्या प्रथिनांची नावे घेऊन जे निबंध येतात, त्यांतल्या किती जणांनी आधी विचारले की या तेलाने मेलेल्या जिवाणूत गायरेज खरोखर थांबली होती का? कधी कधी असे होते, हे मान्य. २००७ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी सिनमाल्डिहाइड हे एफटीएसझेड या पेशीविभाजनाच्या प्रथिनाला बांधले जाते आणि त्याचे काम बिघडवते असे प्रयोगांनी दाखवले, आणि संगणकाचा उपयोग ते नेमके कुठे बसत असेल हे पाहायला केला. मला हा क्रम मान्य आहे. आधी परिणाम, मग प्रथिनाशी थेट संबंधाचा पुरावा, मग जागेचा शोध. गायरेजवर परिणाम होतो याचा एकही पुरावा नसताना गायरेजच्या खोबणीचे चित्र छापणे ही वेगळी गोष्ट आहे.

वनस्पतिज रेणूंच्या बाबतीत तर आणखी एक सापळा आहे. पटल विस्कटले की त्यात रुतलेली अनेक प्रथिने एकाच वेळी बिघडतात. मग वेगवेगळ्या चाचण्यांत तोच रेणू दहा प्रथिनांना 'रोखताना' दिसतो, आणि प्रत्येक चाचणीसाठी एकेक डॉकिंगचे चित्र तयार होते. प्रत्यक्षात मूळ कारण एकच असते आणि ते त्या दहा चित्रांपैकी एकातही नसते.

२०२० साली ही सवय किती खोल गेली आहे ते दिसले. सार्स-कोव्ही-२ या कोविडच्या विषाणूच्या मुख्य प्रोटिएजची, म्हणजे प्रथिने कापणाऱ्या विकराची, रचना फेब्रुवारीत खुली झाली आणि काही महिन्यांत तेलांतले टर्पीन (त्यांच्या मुख्य घटकांचा हा गट) त्या खोबणीत बसवलेल्या निबंधांची रीघ लागली. विषाणू वेगळा, भीती खरी आणि घाई समजण्यासारखी. पण त्यातले फार थोडे रेणू पुढे कधी खऱ्या विकरासमोर ठेवले गेले. न तपासलेले भाकीत तसेच पडून राहते. त्यावर पुढचे काही बांधता येत नाही.

आता संगणक इथे का हवाच आहे, त्याकडे येतो, कारण वरचे वाचून कोणी 'सगळे सोडा आणि परत बशीकडे चला' असा अर्थ काढू नये. बशी एकटी पुरणार नाही. सुगंधी तेल म्हणजे मिश्रण, आणि मिश्रणाचे गणित माणसाच्या हाताबाहेरचे आहे. एखाद्या तेलात चाळीस घटक आहेत असे धरा. त्यांच्या जोड्या होतात ७८०, त्रिकुटे ९,८८०, आणि सगळी शक्य मिश्रणे एक लाख कोटींहून अधिक. दोन घटक एकमेकांना मदत करतात की आड येतात हे पाहण्याची रूढ पद्धत चेकरबोर्डची : प्लेटवर एकाचे प्रमाण आडवे आणि दुसऱ्याचे उभे बदलत न्यायचे. ९६ खाचांची एक प्लेट एका जोडीत संपते. नुसत्या जोड्या तीन-तीनदा तपासायच्या तर २,३४० प्लेट्स लागतील, त्याही एकाच जिवाणूसाठी. प्रमाणे बदलली की पुन्हा पहिल्यापासून. कोणत्या पन्नास जोड्या आधी तपासायच्या, हे सांगायला संगणक हवा. हे त्याचे खरे काम आहे आणि त्याला पर्याय नाही.

दुसरे काम पटलाचे. रेण्वीय गतिकीच्या सिम्युलेशनमध्ये काही शे लिपिडांचे पटल, त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी आणि आयन, आणि त्यात सोडलेले तेलाचे रेणू यांची हालचाल पिकोसेकंदा-पिकोसेकंदाने मोजता येते. त्यासाठीची ग्रोमॅक्ससारखी साधने फुकट आहेत. चार-चार अणूंचा एक मणी करून हिशोब हलका करणारी मार्टिनी पद्धतही आहे. दोन्हींचा जन्म नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातला. ई. कोलायच्या आतल्या पटलात सुमारे तीन चतुर्थांश फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमीन, पाचव्या हिश्श्याच्या आसपास फॉस्फॅटिडिलग्लिसेरॉल आणि थोडे कार्डिओलिपिन ही लिपिडे असतात. माणसाच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते, जिवाणूच्या सहसा नसते. तर मग सिम्युलेशनला प्रश्न विचारावा तो असा : जिवाणूचे पटल विस्कटेल पण माणसाचे विस्कटणार नाही, अशी काही मात्रा या रेणूसाठी आहे का? सायमीन आधीच पटलात असेल तर कार्व्हाक्रॉल कमी लागेल का, आणि किती कमी? अशा प्रश्नाचे उत्तर आकड्यात येते, आणि तो आकडा दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत खोटा पाडता येतो. ग्रॅम-ऋण, म्हणजे दुहेरी पटल असलेल्या, जिवाणूंचे बाहेरचे पटल आणि त्यांचे रेणू बाहेर फेकणारे पंप हा त्याहून अवघड भाग. याच गटातल्या स्यूडोमोनाससमोर बहुतेक तेले का हरतात, याचे उत्तर तिथे आहे. त्या बाजूला अजून थोडेच लोक वळले आहेत, कारण तिथे एका लॅपटॉपवर दुपारभरात चित्र तयार होत नाही.

तिसरे काम मशीन लर्निंगचे. इथे मला सर्वांत जास्त आशा वाटते आणि सर्वांत जास्त काळजीही. रोममधल्या सापिएन्झा विद्यापीठातल्या एका गटाने वेगवेगळ्या तेलांची पूर्ण घटकसूची आणि त्यांचा जिवाणूंच्या बायोफिल्मवरचा (त्यांच्या चिकट थरावरचा) परिणाम एकत्र मांडून, कोणते घटक परिणामाच्या बाजूने आणि कोणते विरुद्ध झुकतात हे यंत्राला शोधायला लावले. हा विचार मला पटतो, कारण तो मिश्रणाला मिश्रण म्हणूनच वागवतो. तेलातला एक 'नायक' रेणू उचलून बाकीचे विसरत नाही.

यंत्राला शिकवायला विदा (डेटा) मात्र नीट लागते. सध्याच्या नोंदींवर यंत्र शिकवायचे म्हटले, तर ते चुकाच शिकेल. टी ट्रीच्या तेलाला आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. २००४ च्या आवृत्तीत टर्पिनेन-४-ऑल किमान ३० टक्के आणि सिनिओल कमाल १५ टक्के असे ठरवले होते. पण कित्येक तेलांबाबत निबंधात फक्त वनस्पतीचे नाव असते. दक्षिण फ्रान्समधल्या थाइमची सहा रासायनिक रूपे नोंदलेली आहेत : कुणात थायमॉल मुख्य, कुणात कार्व्हाक्रॉल, कुणात लिनालूल, कुणात जिरॅनिऑल. दिसायला झाड तेच, नाव तेच, तेल वेगळे. त्यात कापणीचा हंगाम, ऊर्ध्वपातनाला दिलेला वेळ आणि बाटली किती दिवस उघडी होती, हेही आलेच. मोजमापाकडे पाहावे तर काहींनी तेलात भिजवलेल्या कागदाच्या चकतीभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ मिलिमीटरमध्ये दिलेले असते, आणि जे तेल आगरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीत, पसरायलाच तयार नाही त्याचे वर्तुळ ते काय असणार? तेल पाण्यात मिसळावे म्हणून काहींनी ट्वीन-८० घातलेले, काहींनी डीएमएसओ. प्लेटवर झाकण नीट नसेल तर एका खाचेतली वाफ शेजारच्या खाचेतला जिवाणू मारते. असे आकडे एका तक्त्यात ओतून त्यावर कितीही हुशार प्रणाली चढवली, तरी ती प्रयोगशाळांमधले फरकच शिकेल.

नीट विदा असली की काय होते, ते २०२० मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी हॅलिसिन या जिवाणूनाशक रेणूच्या शोधात दाखवले. त्यांनी आधी २,३३५ रेणू एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने ई. कोलायवर तपासले. त्या विदेवर यंत्र शिकवले. मग न पाहिलेल्या हजारो रेणूंतून यंत्राने वर काढलेले ९९ रेणू प्रत्यक्ष तपासले. ५१ चालले. ४८ चालले नाहीत, आणि तेही त्यांनी सांगितले. मला त्या निबंधातला ५१ इतकाच ४८ चा आकडा मोलाचा वाटतो. आपल्या क्षेत्रातले किती निबंध 'आम्ही दहा घटक चालतील असे म्हटले, चार चालले' असे लिहितात? फसलेले भाकीतच नसते, कारण भाकीत प्रयोगानंतर लिहिलेले असते.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो हलका नाही. आक्षेप असा की डॉकिंग हे गरिबाचे साधन आहे. ज्या महाविद्यालयात जैवसुरक्षेची खोली नाही, सिम्युलेशनला लागणारे ग्राफिक कार्ड नाही, तेलातले घटक ओळखणारे वायुवर्णलेखनाचे यंत्र नाही, तिथल्या मुलांनी संशोधन करायचेच नाही का? फुकट सॉफ्टवेअरने त्यांना पहिल्यांदा दार उघडून दिले आणि तुम्ही आता त्या दाराला कुलूप लावता आहात.

मी कुलूप लावत नाही. दार उघडे राहावे असेच मला वाटते. पण त्या मुलांना आपण आत घेऊन काय करायला लावतो? डॉकिंगमध्येही प्रामाणिक काम करता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत. प्रथिनाचा ज्ञात अवरोधक त्याच्या स्फटिकातल्या जागी परत बसतो का, हे आधी पाहावे. मग भौतिक गुणांत त्याच्यासारखे, पण रचनेत वेगळे आणि काम न करणारे मानलेले फसवे रेणू घालावेत; डीयूडी-ई नावाचा अशा रेणूंचा संच २०१२ पासून खुला आहे. खरे आणि फसवे यांत आपली पद्धत फरक करू शकते का ते तपासावे. करू शकत नसेल तर तसे लिहावे. तो निबंध छोटा असेल, पण खरा असेल, आणि पुढच्या दहा गटांचे महिने वाचवील. त्याच महाविद्यालयातला विद्यार्थी जुन्या निबंधांतल्या शेकडो एमआयसी गोळा करून, पद्धत, विद्रावक, वाण आणि घटकसूची यांच्यासकट स्वच्छ तक्ता तयार करू शकतो. आज या क्षेत्राला याहून गरजेचे दुसरे काही मला दिसत नाही. असे काम करणाऱ्याला पदवी मिळते का, संपादक त्याला जागा देतात का, हा प्रश्न मात्र आपल्याला विचारला पाहिजे. साधनसंपन्न प्रयोगशाळांनी अशा भाकितांची तपासणी करून द्यायची तयारी दाखवली, तर दोघांचेही भले आहे.

दुसरा आक्षेप असतो : 'डॉकिंग हे गृहीतक सुचवण्यासाठीच आहे, असे आम्ही शेवटी लिहितोच.' लिहितात, शेवटच्या परिच्छेदात. शीर्षकात मात्र 'प्रभावी जिवाणूरोधक' असते. वनस्पती-औषधशास्त्रातल्या काही नियतकालिकांनी प्रयोगाची जोड नसलेले केवळ संगणकीय निबंध घ्यायचे नाहीत असे ठरवले आहे, ते योग्यच आहे. मला त्यापुढे जावेसे वाटते. प्रयोगाची जोड आहे एवढ्यावर समाधान मानू नये. भाकीत प्रयोगाच्या आधी तारखेसह नोंदले होते का, हे विचारावे. कोणते घटक चालणार नाहीत असे म्हटले होते, तेही विचारावे. तेलाची पूर्ण घटकसूची मागावी. आणि एमआयसीच्या शेजारी त्याच तेलाची मानवी पेशींना सोसणारी मात्रा छापल्याशिवाय 'औषधी शक्यता' हा शब्द वापरू देऊ नये. संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थांनाही हे विचारता येते, आणि तो पैसा सार्वजनिक असेल तर विचारणे त्यांचे कर्तव्यच आहे.

इतका आग्रह कशासाठी, असे कोणाला वाटेल. निबंध कपाटात पडला तर बिघडले काय? पण तो कपाटात राहत नाही. त्यातले रंगीत चित्र आणि 'प्रमाणित औषधाशी तुल्य' हे वाक्य तेल विकणाऱ्यांच्या जाहिरातीत जाते, तिथून ते आजारी माणसापर्यंत पोचते. तो ते तेल पितो किंवा मुलाला देतो. टी ट्रीचे तेल पोटात गेले तर विषारी आहे, आणि निलगिरीचे तेल प्यायल्याने लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. वैद्यकीय उपचार लांबतात ते वेगळेच.

आणि एक गोष्ट अशी आहे, जी माझ्या मते संगणकाला सर्वांत आधी विचारायला हवी. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ई. कोलायला पाइन तेलाच्या जंतुनाशकावर वाढायला लावले. जे उत्परिवर्ती जिवाणू तगले, त्यांतल्या काहींनी अनेक प्रतिजैविकांनाही दाद देणे सोडले होते. कारण तेल आणि प्रतिजैविक, दोन्ही बाहेर फेकणारा पंप एकच होता आणि त्या पंपाचे नियंत्रण सैल झाले होते. त्यांना मारण्यासाठी घातलेल्या तेलाने प्रतिजैविकांपुढे टिकणारे जिवाणू निवडून काढले. तेव्हा कोणता टर्पीन त्या पंपातून सहज बाहेर जातो, कोणता त्याला चेतवतो आणि कोणता त्याच्या तोंडाशी अडकून बसतो? या पंपाच्या रचना उपलब्ध आहेत, पटलाची सिम्युलेशन्स उपलब्ध आहेत आणि पंप काढून टाकलेले वाण कित्येक प्रयोगशाळांच्या शीतकपाटात आहेत. भाकीत लिहून ठेवायचे आणि प्लेट लावायची.

त्या विद्यार्थिनीने गायरेजचे चित्र बाजूला ठेवले आहे. सध्या तिच्या वहीच्या पहिल्या पानावर बारा टर्पीनांची यादी आहे. सातांपुढे 'पंप बाहेर फेकेल', पाचांपुढे 'फेकणार नाही', खाली तारीख आणि माझी सही. पंप असलेला आणि पंप नसलेला, दोन्ही वाण तिने काल रात्री वाढायला ठेवले आहेत.